पोसोले: नाताळच्या रात्रीचा मक्याचा रस्सा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डिसेंबर लागला की मला दर वर्षी तेच प्रश्न येतात. इथे अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरात नव्याने आलेल्या मराठी मुली विचारतात, पुण्याहून बहीण विचारते, डॅलसची मैत्रीण तर दुकानात उभी राहून फोन करते, "हातात पाकीट आहे, हेच का ते?" म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी पोसोले शिकले ते शेजारच्या आजींकडून. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या उत्तर न्यू मेक्सिकोतलं. मला त्या "मिहिता" म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत "पोरी". खाली जे काही बरोबर आहे ते बहुतेक त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून पाहिलेलं आहे.

पोसोले म्हणजे नक्की काय?

चुन्याच्या पाण्यात शिजवून साल काढलेला टपोरा मका, हाडासकट डुकराचं मांस, लसूण, कांदा, ओरेगानो आणि सुक्या लाल मिरचीची चटणी. हे सगळं तासन्‌तास मंद आचेवर शिजतं. असा साल काढलेला मका अमेरिकेत हॉमिनी म्हणून ओळखतात. न्यू मेक्सिकोत त्या मक्यालाही पोसोले म्हणतात आणि त्याच्या रश्श्यालाही. आपल्याकडे पोहे म्हणजे डब्यातले पोहेही आणि फोडणीचे पोहेही, तसंच.

शब्द मूळचा नाहुआत्ल, म्हणजे मेक्सिकोतल्या आस्तेक लोकांच्या भाषेतला. त्याचा संबंध उकळून फेस येण्याशी लावतात. स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासून हा मका तिथे शिजत होता. डुक्कर मात्र स्पॅनिशांबरोबर आलं.

मेक्सिकोतलं आणि न्यू मेक्सिकोतलं एकच का?

सख्खी चुलत भावंडं. मेक्सिकोत ‘काकावासिंत्ले’ नावाचा मोठ्या, पांढऱ्या, पिठूळ दाण्याचा मका वापरतात. तिथे पोसोले पांढरं, लाल आणि हिरवं अशा तीन रंगांत होतं. हालिस्को राज्याचं लाल प्रसिद्ध, गेरेरो राज्याचं हिरवं. हिरव्यात भोपळ्याच्या बिया वाटून घालतात, आणि गेरेरोत दर गुरुवारी पोसोले खायची रीतच आहे. १५ सप्टेंबरच्या रात्री, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी, देशभर घराघरांत याचं पातेलं चढतं. वरून घ्यायला चिरलेला कोबी किंवा लेट्यूस, मुळा, कांदा, लिंबू, तोस्तादा म्हणजे मक्याची कुरकुरीत तळलेली पोळी, असा मोठा थाट असतो.

न्यू मेक्सिकोतलं साधं. मका, मांस, मिरची, बस. वरची सजावट थोडी. पुएब्लो, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या गावांत सणाच्या दिवशी दार उघडं असतं, पाहुण्यांना टेबलाशी बसवतात, आणि तिथे लाल मिरचीचा रस्सा, मातीच्या भट्टीतला पाव आणि पोसोले असतंच. मी इथे लिहिते आहे ते मुख्यतः या साध्या प्रकाराबद्दल.

नाताळलाच का करतात?

एक कारण हवामान. डिसेंबरात आमच्या राज्याच्या राजधानीची, सांता फेची रात्र शून्याच्या बरीच खाली जाते. १६ ते २४ डिसेंबर नऊ रात्री ‘लास पोसादास’ चालतं. मेरी आणि जोसेफ आसरा शोधत दारोदार फिरले, ती गोष्ट लोक गात गात वस्तीत फिरून पुन्हा जगतात. शेवटी एक दार उघडतं आणि सगळे आत येतात. २४ तारखेला मध्यरात्रीची प्रार्थना असते. तेव्हा कोण किती वाजता येईल, किती माणसं येतील, याचा नेम नसतो. पोसोले अशा रात्रीसाठीच आहे. चुलीवर चार तास जास्त राहिलं तरी बिघडत नाही, उलट मुरतं. माणसं वाढली तर पाणी आणि मिरची वाढवता येते.

त्या रात्री भिंतींवर, अंगणाच्या कडेने कागदी पिशव्यांत वाळू घालून मेणबत्त्या लावतात. सांता फेत त्यांना फारोलितो म्हणतात, आमच्या अल्बुकर्कीत लुमिनारिया, आणि यावरून दोन्ही गावांत प्रेमाने वाद होतो. पहिल्या वर्षी मी ती रांग पाहिली तेव्हा दिवाळीत आमच्या वाड्याच्या कठड्यावर मांडलेल्या पणत्या आठवल्या आणि गळा भरून आला. आजींनी काही विचारलं नाही. वाटी हातात दिली.

दुकानात काय मागायचं? पाकिटं तर बरीच दिसतात.

तीन गोष्टी मिळतात.

सुकं पोसोले: चुन्याची प्रक्रिया करून वाळवलेला मका. रात्रभर भिजवायचा, मग शिजवायचा. चव उत्तम.

गोठवलेलं पोसोले: चुन्यातून काढून धुऊन थेट गोठवलेलं. न्यू मेक्सिकोत नाताळच्या आसपास प्रत्येक किराणा दुकानात असतं. भिजवायला लागत नाही, फक्त एक-दोनदा धुवा. पहिल्यांदा करणार असाल तर हेच घ्या.

डब्यातली हॉमिनी: आधीच पूर्ण शिजलेली. वेळ नसेल तर ठीक, पण डब्यातलं पाणी ओतून टाका आणि दाणे दोन-तीन पाण्यांनी धुवा. ही शेवटच्या तासात घालायची. मक्याचा खरा वास रश्श्यात उतरणार नाही, तो उतरवायला दाणा मांसाबरोबर कच्चेपणापासून शिजावा लागतो.

‘चिकोस’ लिहिलेलं पाकीट पोसोले म्हणून घेऊ नका. तीही मक्याचीच, पण ती कणसं रात्रभर मातीच्या भट्टीत वाफवून वाळवलेली असतात, चुना नसतो. फार चवदार असतात, घेवड्याबरोबर शिजवतात. वेगळा पदार्थ.

भारतात हे काहीच मिळत नाही. पुण्यात कसं करू?

घरीच चुन्यात घाला. सुका पांढरा मका मिळाला तर सोनं, नाहीतर पिवळा चालेल. दाणा जितका मोठा आणि पिठूळ तितका चांगला. लाह्यांचा मका बारीक आणि कडक असतो, तो फुलत नाही. स्वीट कॉर्न कोवळं असतं, त्याचा लगदा होईल.

एक गोष्ट जपून: बी-बियाण्याच्या दुकानातला मका कधीही घेऊ नका. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, बहुतेक वेळा गुलाबी किंवा लाल रंगात. धुऊनही ते खाण्याजोगं होत नाही. धान्य बाजारातून खायचा मका घ्या, निवडून घ्या, किडका नको.

चुना म्हणजे कुठला? पानाचा?

हो, रसायन तेच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. मात्र खाण्याचा म्हणून विकला जाणारा, साधा, कोणताही सुगंध किंवा रंग न घातलेला हवा. भिंतीला द्यायचा चुना नको. कळीचा, म्हणजे न विरवलेला चुनाही नको. तो पाण्यात पडला की प्रचंड तापतो, हात-डोळे भाजतात.

माझ्या आजोबांच्या पानाच्या डब्यात चुन्याची छोटी पितळी डबी असायची. आजोबा करंगळीच्या नखावर घेऊन पानाला लावायचे. तीच वस्तू जगाच्या दुसऱ्या टोकाला एका अख्ख्या प्रदेशाचं मुख्य धान्य पचायला सोपं करते आहे, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

चुन्यात शिजवायची पद्धत सविस्तर सांगाल का?

सांगते, कारण सगळा पदार्थ या एका पायरीवर उभा आहे. मांस कमी पडलं तर चालतं, मिरची वेगळी असली तर चालते. मका नीट झाला नाही तर ते पोसोले नव्हे.

अर्धा किलो सुका मका धुऊन घ्या. स्टीलच्या पातेल्यात दोन लिटर पाणी घ्या आणि त्यात ८ ते १० ग्रॅम कोरडा चुना, म्हणजे साधारण एक सपाट मोठा चमचा, ढवळून मिसळा. पानाचा ओला चुना असेल तर त्यात पाणी धरलेलं असतं, म्हणून दीड-दोन चमचे घ्या. आपण औषधाला चुन्याची निवळी करतो तशी वरची निवळी काढून घेऊ नका. निवळीत चुना फार थोडा विरघळलेला असतो, मक्याला पुरत नाही. ढवळलेलं दुधट पाणीच हवं.

त्यात मका घाला. वर तरंगतील ते दाणे आणि कोंडा काढून टाका. उकळी आणा, आच मंद करा आणि वीस ते तीस मिनिटं शिजवा. दहाएक मिनिटांत पांढरा मकासुद्धा पिवळाधमक होतो. घाबरू नका, चुन्यामुळे तसं होतं, धुतल्यावर बराचसा रंग जातो. भट्टीजवळच्या ओल्या मातीसारखा एक वास येतो. मेक्सिकोत तोर्तियाच्या, म्हणजे तिथल्या पातळ पोळ्यांच्या दुकानात शिरल्यावर येतो तोच. एक दाणा काढून थंड पाण्यात बुडवा आणि अंगठ्याच्या नखाने घासा. साल सरकून सुटली की झालं. आच बंद, झाकण, आणि रात्रभर तसंच ठेवा.

सकाळी पाणी ओतून टाका. ते कुंड्यांना घालू नका, फार क्षारयुक्त असतं. दाणे दोन्ही तळहातांत चोळत चार-पाच पाण्यांनी धुवा. साली बुळबुळीत होऊन वर येतात. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा, नाहीतर रश्श्याला चुन्याची कडवट, तोंड आवळणारी चव राहते.

मग बसून करायचं काम. प्रत्येक दाण्याच्या टोकाला, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो तिथे, एक कडक करड्या रंगाचं नाक असतं. ते नखाने किंवा सुरीच्या टोकाने काढायचं. नाक काढलेला दाणा शिजताना फुलासारखा उमलतो. अर्ध्या किलोला एकट्या माणसाचे दोन तास सहज जातात. आजींच्या घरी २३ तारखेला दुपारी टेबलाभोवती पाच-सहा बायका आणि पोरंटोरं बसतात, मधे परात. आजी दाणा अंगठा आणि तर्जनीत धरतात, नुसता दाबतात आणि नाक टप्‌कन बाहेर पडतं. सुरीला हात लावत नाहीत. माझी बोटं अजून तितकी सराईत नाहीत.

वेळ नसेल तर नाकं ठेवा. चव तीच राहते, दाणा कमी फुलतो आणि खाताना थोडं दाताला लागतं.

ॲल्युमिनियमचा कुकर चालेल का?

चुन्याच्या पायरीला अजिबात नाही. चुना ॲल्युमिनियमला खातो. दुसऱ्या वर्षी मी घाईत भारतातून आणलेल्या जुन्या कुकरमध्ये मका भिजत घातला. सकाळी पाणी करडं आणि भांडं आतून काळपट. सगळा मका फेकावा लागला आणि त्या नाताळला आमच्याकडे पोसोले झालं नाही. स्टील किंवा न उडालेलं एनॅमल वापरा.

धुऊन झाल्यावर पुढचं शिजवणं स्टीलच्या कुकरमध्ये खुशाल करा. भिजलेल्या सुक्या पोसोल्याला दाब आल्यावर मंद आचेवर ४५ मिनिटं ते एक तास लागतो. चुन्याची पायरी मात्र कुकरमध्ये दाबाखाली करू नका, दाण्याचा बाहेरचा भाग गळून जातो.

चुन्याऐवजी खायचा सोडा घातला तर?

साल सुटेल. पण सोड्याची साबणासारखी चव मागे राहते, आणि चुन्यातून मक्याला जे कॅल्शियम मिळतं ते मिळत नाही. मी घालणार नाही.

हा एवढा खटाटोप आरोग्याच्या दृष्टीने खरंच उपयोगाचा आहे?

फार. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं, पण बांधलेल्या रूपात, शरीराला ते घेता येत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवलं की ते मोकळं होतं. मेक्सिकोतल्या बायकांनी हजारो वर्षांपूर्वी ही रीत बसवली. अठराव्या शतकात स्पेन-इटलीत गरिबांचं पोट मक्यावर आलं, तेव्हा मका गेला पण चुना गेला नाही. तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी सोलवटते, जुलाब होतात, भ्रम होतो, माणसं मरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात हीच गत झाली. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून काम करून दाखवून दिलं की हा संसर्ग नाही, आहारातली उणीव आहे. ती उणीव नायसिनची, हे कॉनराड एल्व्हेजम यांच्या १९३७ च्या संशोधनातून कळलं.

आपल्यालाही हे परकं नाही. दख्खनमध्ये हैदराबादच्या आसपास मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा आढळतो, हे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मांडलं. ज्वारी वाईट म्हणून नव्हे. ताटात दुसरं काही नव्हतं म्हणून. भाकरीबरोबरची डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी किती मोलाची, हे मला त्यावरून नव्याने कळलं.

आता रस्सा. आठ-दहा जणांसाठी प्रमाण द्या.

अर्धा किलो सुकं पोसोले (शिजून जवळपास तिप्पट होतं), दीड किलो डुकराच्या खांद्याचं मांस हाडासकट, जमल्यास एक पाय अर्धा करून, दोन कांदे, एक अख्खा लसणीचा गड्डा, दोन तमालपत्रं, एक छोटा चमचा ओरेगानो, मीठ, आणि १२ ते १५ सुक्या लाल मिरच्या. पायामुळे रश्श्याला अंग येतं, ओठ किंचित चिकटतात, तसा रस्सा व्हायला हवा.

रात्रभर भिजलेलं पोसोले पाच लिटर पाण्यात एकटंच चढवा. तासाभराने मांस, कांदा, लसूण, तमालपत्र घाला. फेस काढत राहा. मंद आचेवर अजून अडीच-तीन तास. मीठ मात्र दाणा मऊ पडायला लागल्यावरच घाला. मांस हाडावरून सुटलं की काढून त्याचे मोठे तुकडे करा, परत घाला.

दाणे फुलतच नाहीत. काय चुकलं?

बहुतेक काहीच चुकलं नाही, वेळ द्या. मका जुना असेल तर जास्त लागतो. आणि उंचीवर राहत असाल तर हमखास. अल्बुकर्की सुमारे १,६०० मीटरवर आहे, सांता फे २,१०० च्या वर. इथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, सांता फेत ९३ ला. पाककृतीत दोन तास लिहिलेले असतात तिथे आमच्याकडे चार लागतात. पाणी घालावं लागलं तर उकळतंच घाला. दाणा चावल्यावर आतून पिठूळ, मऊ, तरी आकार धरून असावा. शेंगदाण्यासारखा कचकचीत लागला तर अजून शिजायचा आहे.

मिरची कुठली? खूप तिखट होतं का?

इथे चिमायो किंवा हॅच या न्यू मेक्सिकोतल्या गावांची सुकी लाल मिरची. देठ-बिया काढायच्या, तव्यावर जेमतेम गरम करायच्या (करपली की चटणी कडू), गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायच्या, लसूण आणि थोडं मीठ घालून गुळगुळीत वाटायच्या, गाळायच्या आणि थोड्या तेलात परतायच्या. रंग गडद विटकरी, तिखटपणा मध्यम.

भारतात बेडगी घ्या. रंग आणि कमी तिखटपणा दोन्ही जुळतं. तिखट हवं असेल तर दोन-तीन संकेश्वरी मिसळा. गरम मसाला, धणे, खोबरं, काही नको. आपला हात आपोआप तिकडे जातो, माझाही जायचा. पण मसाला पडला की मक्याचा वास झाकला जातो, आणि मग तो नुसता मका घातलेला मटणाचा रस्सा होतो.

आजी चटणी वेगळ्या भांड्यात ठेवतात. लहान मुलं पांढरंच खातात, मोठे आपापल्या ताटात घेतात. मला हेच जास्त आवडतं. न्यू मेक्सिकोचा अधिकृत राज्यप्रश्नच "लाल की हिरवी?" असा आहे. दोन्ही हवी असेल तर उत्तर द्यायचं, "क्रिसमस".

ओरेगानो पिझ्झाबरोबर येतो तोच का?

नाही. मेक्सिकन ओरेगानो वेगळ्याच कुळातली वनस्पती, वास जास्त उग्र. मिळाला तर आणा, तळहातावर चुरडून घाला. पिझ्झाचा घालायचाच तर चिमूटभर.

आमच्याकडे पोर्क चालत नाही. पूर्ण शाकाहारी होईल का?

कोंबडीचं मेक्सिकोतही करतात. हाडासकट मांड्या घ्या आणि शेवटच्या तासात घाला. मटणाचं मी केलं आहे. चव छान, पण मटणाचा वास मक्यावर चढतो. गोव्यातल्या ज्या घरांत नाताळला सोरपोतेल होतं, त्यांना पोर्कचं नवल वाटणार नाही. तिथे मूळ पद्धतीनेच करावं.

शाकाहारीसाठी मका एकटाच कांदा-लसणीबरोबर शिजवा, वेगळा शिजवलेला पिंटो घेवडा किंवा राजमा घाला, आणि अळंबी चांगली तांबूस परतून शेवटी मिसळा. तेलात हात आखडू नका. माझी आई आली होती तेव्हा असंच केलं होतं. तिने दोनदा मागून घेतलं आणि विचारलं, "चुना कुठून आणलास?"

बरोबर काय वाढायचं?

गव्हाची गरम तोर्तिया, लिंबू, बारीक चिरलेला कोबी, लाल मुळ्याच्या चकत्या, कच्चा कांदा. नंतर बिस्कोचितो, म्हणजे ॲनिस (बडीशेपेसारख्या वासाचं बी) आणि दालचिनी घातलेली खुसखुशीत बिस्किटं. १९८९ पासून ती राज्याची अधिकृत कुकी आहे. मूळ कृतीत डुकराची चरबी असते, शाकाहारी पाहुणे असतील तर आधी विचारा.

उरलं तर?

उरेल इतकं कराच. दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकतं, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. दुसऱ्या दिवशी दाणे रस्सा पिऊन घेतात आणि पातेल्यात जवळजवळ भाजी दिसते. उकळतं पाणी घालून सैल करा, मीठ पुन्हा चाखा, आणि चटणी मात्र ताजी वाढा. आजी २५ तारखेच्या सकाळी त्यावरच एक अंडं फोडून झाकण ठेवतात, आणि आमच्या दारावर टकटक करतात.